जीव वाचला, खेळ थांबला



पॅरिशच्या आजारी-भेट गटात इतकी वर्षे काढल्यावर आम्हाला एक सवय लागली आहे. कुणाच्या घरी गेलो की चपला काढता काढताच आम्ही विचारतो, "काय मग, आता बरं आहे ना?" समोरचा माणूस म्हणतो, "हो, देवाच्या दयेने." मग आम्ही निवांत बसतो, चहा घेतो, शेवटी एक प्रार्थना म्हणतो आणि निघतो. त्या उत्तराची गरज आजाऱ्यापेक्षा आम्हालाच जास्त असते, हे कळायला आम्हाला फार उशीर लागला. आमच्याच पॅरिशमधल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाने आमचे डोळे उघडले. आणि त्याला बोलते केले ते दूर अमेरिकेत बर्फावर हॉकी खेळणाऱ्या एका माणसाच्या गोष्टीने.

आधी आमची चूक सांगतो.

हा मुलगा हॉकी खेळायचा. आपली, मैदानावरची हॉकी. बेळगावात हॉकीचे वेड जुने आहे; १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातले बंडू पाटील याच गावचे. मुलगा चांगला खेळत होता, पुढे जाईल असे सगळे म्हणत होते. पण खेळता खेळता त्याला दम लागू लागला. तपासणीत कळले की लहानपणी येऊन गेलेल्या रुमॅटिक तापाने हृदयाची एक झडप खराब केली आहे. आपल्याकडे हा आजार नवा नाही. लहान मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात, मग सगळे उतरते आणि घरचे विसरून जातात. हृदय विसरत नाही.

आम्ही त्याच्यासाठी नोव्हेना केली. नऊ दिवस चर्च भरलेले होते. ऑपरेशन झाले, कृत्रिम झडप बसवली, मुलगा वाचला. आम्ही आभाराची मिस्सा ठेवली आणि शेवटी त्याला माइकवर बोलावले, दोन शब्द साक्ष दे म्हणून. तो म्हणाला, "मी जिवंत आहे. सगळ्यांचे आभार. मला आता हॉकी खेळता येणार नाही." एवढेच बोलून तो खाली बसला.

चर्चमध्ये अवघडल्यासारखी शांतता पसरली. ती आम्हाला सहन झाली नाही. आम्ही माइक घेतला आणि म्हणालो, "अरे, हॉकीचं काय एवढं! देवाने जीव दिला ना!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या रविवारानंतर तो मुलगा कित्येक महिने चर्चला आला नाही.

कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते. अशा माणसाला हॉकीच्या चेंडूचा एक जोरदार फटका बसला तर आतला रक्तस्राव लवकर थांबत नाही. म्हणून ही बंदी. हे सारे डॉक्टरांनी त्याला समजावले होते आणि त्याला ते पटलेही होते. खेळ सोडावा लागल्याचे दुःख त्याला होतेच. पण त्या दुःखाला आम्ही चर्चमध्ये जागा ठेवली नाही, म्हणून तो आमच्यापासून दूर गेला.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. आईने चहा ठेवला. तो आतल्या खोलीत मोबाइल पाहत बसला होता. आम्ही सवयीने तोच प्रश्न विचारला. त्याने उत्तर दिले नाही, मोबाइल आमच्यापुढे धरला आणि म्हणाला, "अंकल, हा बघा."

पांढऱ्या बर्फावर माणसे पायांना पाती लावून घसरत होती. आम्ही हा खेळ कधी पाहिलेला नाही. लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर तो खेळतात, हे आम्हाला त्यानेच सांगितले. चेंडूच्या जागी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. एका वेळी गोलकीपर धरून सहा जण बर्फावर. खेळ इतका वेगवान, की कुणी सलग फार वेळ खेळू शकत नाही. पाऊण मिनिटाच्या आसपास जीव तोडून खेळायचे, मग उडी मारून बाकावर येऊन बसायचे, आणि दुसऱ्याने बर्फावर उतरायचे. सामनाभर ही ये-जा चालू. म्हणजे खेळाडूचा बराचसा वेळ बर्फापेक्षा बाकावरच जातो. हे सांगताना तो जरा हसला, आम्हाला बरे वाटले.

त्याने दाखवलेला खेळाडू होता यिरी फिशर. जन्म ३१ जुलै १९८०, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या होर्झोवित्से गावचा. उंची जवळजवळ साडेसहा फूट, बचावफळीत खेळायचा. सतराव्या वर्षी घर सोडून कॅनडात कनिष्ठ संघाकडून खेळायला गेला. १९९८ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट रेड विंग्ज या नामवंत संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. २००२ साली त्या संघाने स्टॅनले कप जिंकला. बर्फावरच्या हॉकीत याहून मोठा मान नाही. त्या अंतिम मालिकेच्या शेवटच्या सामन्यात मात्र यिरी नव्हता, कारण आदल्या सामन्यात त्याने एकाला काठीने दांडगाईचा फटका मारला होता आणि त्याच्यावर एका सामन्याची बंदी आली होती. आम्हाला ही गोष्ट ऐकून उगीच हायसे वाटले. भक्तिपर लेखांत आम्ही ज्यांच्या कथा सांगतो ती माणसे बहुधा फार गुळगुळीत असतात.

त्याच वर्षी तपासणीत त्याच्या हृदयात काहीतरी वेगळे आढळले होते. पुढच्या तपासण्या झाल्या आणि त्याला खेळायची परवानगी मिळाली. नंतर गुडघ्याच्या दुखापतीने एक हंगाम बहुतेक वाया गेला. पुढे २००४-०५ चा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात अख्खा रद्द झाला. त्या काळात तो मायदेशी लिबेरेत्सच्या संघाकडून खेळला. २००५ मध्ये तो डेट्रॉइटला परतला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. या खेळातल्या बचावपटूची खरी उमेदीची वर्षे त्याच सुमारास सुरू होतात.

२१ नोव्हेंबर २००५. सोमवारची रात्र. अमेरिकेतला आभारप्रदर्शनाचा सण तीन दिवसांवर आलेला. डेट्रॉइटच्या जो लुईस अरीनात नॅशव्हिलच्या संघाविरुद्ध सामना चालू होता. पहिल्याच सत्रात यिरी आपली पाळी संपवून बाकावर येऊन बसला, आणि बसल्या जागीच कोसळला. हृदय बंद पडले होते.

आपण बोलताना सगळ्यालाच हार्ट अटॅक म्हणतो, पण हा प्रकार वेगळा. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखते म्हणून सांगतो. हृदय एकाएकी बंद पडते तेव्हा त्यातल्या विजेचा ताल बिघडलेला असतो. हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही. माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला विजेचा झटका देऊन ताल पुन्हा जागेवर आणावा लागतो, आणि झटका मिळेपर्यंत कुणीतरी त्याची छाती दाबून रक्त फिरते ठेवावे लागते. काहीच केले नाही तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते.

संघाचे डॉक्टर टोनी कोलुची जवळच होते. ते धावत बाकाशी आले आणि छाती दाबू लागले. झटका देणारे यंत्र आणले गेले, झटका दिला गेला. हृदय पुन्हा चालू झाले. खेळाडू बर्फावर उभे राहून पाहत होते. हजारो लोकांनी भरलेली ती जागा चिडीचूप झाली होती. त्याला रुग्णालयात नेले आणि सामना तिथेच थांबवला.

व्हिडिओ इथे संपत होता. मुलाने मोबाइल उलटा ठेवला. आमच्या तोंडातून लगेच निघाले, "वाचला ना? देवाची केवढी कृपा!"

"हो, वाचला," तो म्हणाला. "पण परत कधी खेळला नाही, अंकल. तीनशेहून थोडे जास्त सामने खेळला होता. पंचविसाव्या वर्षी संपलं."

मग त्याने विचारले, "माझ्यासाठी तुम्ही नऊ दिवस प्रार्थना केलीत. ती अर्धीच पोचली का?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. पौलाच्या शरीरातल्या काट्याबद्दल आम्ही मागे याच पानावर लिहिले होते, तेव्हा सगळे अगदी सोपे वाटले होते. समोर एकोणीस वर्षांचा मुलगा बसलेला असताना ते लेखातले वाक्य तोंडून निघेना. आम्ही चहा संपवला. प्रार्थनाही नेहमीपेक्षा लहान झाली.

परत येताना वाटेत फादर भेटले. आम्ही घडलेले सांगितले. ते म्हणाले, "उत्पत्तीचा बत्तिसावा अध्याय तुम्हाला पाठ असेल. तेहतिसावा वाचलाय का?"

बत्तिसाव्या अध्यायातली कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. याकोब यब्बोक नदीजवळ रात्री एकटा राहतो. कुणीतरी त्याच्याशी पहाटेपर्यंत झुंज घेतो. याकोब त्याला सोडत नाही, आशीर्वाद मागतो. आशीर्वाद मिळतो, नवे नाव मिळते, देवाला समोरासमोर पाहूनही जीव वाचतो. आणि सूर्य उगवतो तेव्हा याकोब लंगडत असतो, कारण त्या झुंजीत त्याच्या जांघेचा सांधा निखळला आहे. या कथेवरची प्रवचने आम्ही किती ऐकली असतील! बहुतेक सगळी आशीर्वादाशी येऊन थांबतात. लंगडण्याचा उल्लेख होतो तोही नम्रतेचा धडा म्हणून, आणि मग गायन सुरू होते.

घरी येऊन आम्ही तेहतिसावा अध्याय उघडला. भाऊ एसाव भेटतो, दोघे गळ्यात पडून रडतात. मग एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब नको म्हणतो. तो म्हणतो, तू पुढे हो. माझ्यासोबत लहान मुले आहेत, दुभती जनावरे आहेत, त्यांना एक दिवस जरी जास्त हाकलले तरी ती मरतील. मी त्यांच्या चालीने हळूहळू येतो. शास्त्रात कारण मुलांचे आणि जनावरांचेच दिले आहे, पायाचे नाव नाही. एसावला चुकवायचा बेत यात होता असेही काही जण म्हणतात. याकोबाचा स्वभाव पाहता तसे असेलही. पण आदल्याच रात्री पाय अधू झालेला हा माणूस लेकरांच्या चालीने चालायची गोष्ट करतो, ते वाचून आम्ही थांबलो. कळपातले सर्वांत लहान कोकरू किती वेगाने चालू शकते याची फिकीर तरण्याताठ्या, धावणाऱ्या याकोबाला किती असती कोण जाणे.

यिरी फिशरची पुढची गोष्ट आम्ही मग स्वतः शोधून वाचली. थांबवलेला तो सामना २३ जानेवारी २००६ रोजी पुन्हा खेळवला. थांबला तेव्हा नॅशव्हिल १-० ने पुढे होते, म्हणून नव्या सामन्याची सुरुवातच १-० अशी झाली आणि पूर्ण साठ मिनिटे खेळून नॅशव्हिलने तो ३-२ असा जिंकला. आम्हाला हे फार खरे वाटले. आयुष्यात आडवे आलेले काही पुसले जात नाही. दोन महिन्यांनी पुन्हा उभे राहायचे तर मागचा आकडा फळ्यावर असतोच.

आणखी एक गोष्ट वाचून तर आम्ही गप्पच झालो. नॅशव्हिलचा तो एक गोल ग्रेग जॉन्सन नावाच्या खेळाडूने केला होता. पुढच्या उन्हाळ्यात याच जॉन्सनला डेट्रॉइटने आपल्या संघात घेतले. हंगामापूर्वीच्या तपासणीत त्याच्या हृदयाचा आलेख ठीक आला नाही, आणि त्यानेही खेळ सोडला. समोरासमोर खेळणाऱ्या दोघांचा खेळ एका वर्षाच्या आत हृदयानेच थांबवला. एक कोसळल्यावर थांबला, दुसरा कोसळण्याआधी. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजल्या नसतील. वेळेवर 'नाही' म्हणणाऱ्या डॉक्टरासाठी आभाराची मिस्सा कुणी ठेवत नाही. आम्हीही कधी ठेवलेली नाही.

आणि यिरी? त्याने डेट्रॉइटचा संघ सोडला नाही. २००७ पासून त्याच संघात तरुण खेळाडू घडवण्याच्या कामाची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि पुढे वर्षानुवर्षे त्याने तेच केले. निवड झालेली पण अजून कच्ची असलेली अठरा-वीस वर्षांची पोरे, घरापासून लांब, बरीचशी परदेशी, जसा एके काळी तो स्वतः होता. त्यांच्याकडे पाहायचे, त्यांच्याशी बोलायचे, त्यांच्या चालीने चालायचे.

आम्ही हे धावत जाऊन त्या मुलाला सांगणार होतो. "बघ, त्याचं सगळं कसं चांगलं झालं!" असे म्हणायला जीभ शिवशिवत होती. मग आमचे आम्हालाच कळले की हे पुन्हा तेच. पुन्हा माइक घेऊन टाळ्या मिळवायच्या. नवे काम मिळाले म्हणून जुन्या खेळाचे दुःख फिटते असे आम्हाला कुणी सांगितले? इस्राएल हे नाव मिळाल्यावरही याकोबाचा पाय बरा झाला असे शास्त्र कुठे म्हणत नाही.

म्हणून पुढच्या भेटीत आम्ही सल्ला दिला नाही. आधी माफी मागितली. त्या रविवारी माइकवर जे बोललो ते बोलायला नको होते, असे सरळ सांगितले. त्याच्या आईला संकोच वाटला. "असं काय अंकल, तुम्ही मोठे," ती म्हणाली. मुलगा काही बोलला नाही. मग आम्ही विचारले, "हॉकीत तुला सगळ्यात जास्त काय आवडायचं, ते सांग." तो तासभर बोलला. चेंडू काठीला लागतो तेव्हाचा आवाज. सकाळी मैदानावरचा दहिवराचा ओलावा. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरेषेवर उभे राहिल्यावर पोटात येणारा गोळा. तासाभरात देवाचे नाव एकदाही निघाले नाही, पण आमच्या गटाने आजवर दिलेल्या भेटींत तिच्याइतकी खरी भेट थोडीच झाली असेल.

आता तो अधूनमधून मिस्साला येतो. मागच्या बाकावर बसतो, आम्ही मागे वळून पाहत नाही. संध्याकाळी मैदानावर लहान मुले खेळतात तिथे जातो, असे त्याच्या आईकडून कळले. खेळत नाही, कडेला उभा राहतो. कधी शिटी वाजवतो, कधी नुसता पाहतो आणि परत येतो. एखाद्या दिवशी जातच नाही. तेही ठीक आहे.

डॉक्टर कोलुचींची आठवण मात्र आमच्या मनातून जात नव्हती. आमच्या चर्चमध्ये सणाच्या मिस्साला पाचेकशे माणसे जमतात. त्यातला कुणी बाकावर कोसळला तर आमच्यापैकी किती जणांना छाती दाबता येईल? आम्ही आपसांत मोजले. दोघी नर्स भगिनी आणि एक निवृत्त जवान. बाकीचे पाणी शिंपडतील, वारा घालतील आणि जपमाळ सुरू करतील. जपमाळ अवश्य म्हणावी, पण एकाने छाती दाबावी आणि एकाने रुग्णवाहिकेला फोन करावा. छातीच्या मधोमध, दोन्ही हात एकावर एक, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल. हे शिकायला एक दुपार पुरते.

तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पॅरिश हॉलमध्ये हे प्रशिक्षण ठेवले आहे. नर्स भगिनी शिकवतील. गुडघ्यावर बसायला जमेल असे कपडे घालून या. वयस्करांनी नुसते पाहायला आले तरी चालेल. मिनिट मोजायला आणि ताल सांगायला कुणीतरी हवे होते. आम्ही त्या मुलाला विचारले. त्याने जरा विचार केला आणि विचारले, "मला बोलायला लावणार नाही ना?" आम्ही म्हणालो, नाही. स्टॉपवॉच तो स्वतःचेच आणणार आहे.